तरुण संशोधकांची पारितोषिके आणि आपले घर

दरवर्षी जून महिना लागला की आपल्या वस्त्यांतून गुणगौरव समारंभ सुरू होतात. दहावी-बारावीची मुलेमुली ओळीने बसतात, पाहुणे येतात, हार होतात, वह्या, कंपासपेटी आणि एखादे पुस्तक मिळते, फोटो निघतो. हे चांगलेच आहे. आम्ही स्वतः गेली वीस वर्षे अशा समारंभांच्या पावत्या फाडत आणि खुर्च्या मोजत आलो आहोत. परंतु एक गोष्ट आम्हाला राहून राहून जाणवते. सोळाव्या वर्षी ज्याच्या गळ्यात आपण हार घातला, तोच मुलगा तिसाव्या वर्षी शिकत असला तर आपण त्याला काय म्हणतो? "काय रे, अजून शिकतोच आहेस? कमावणार कधी?" हार घालणारे हात आणि हा प्रश्न विचारणारे तोंड, दोन्ही आपलीच!

शाळा-कॉलेजनंतरही स्पर्धा असतात, पारितोषिके असतात, हे आपल्या घरांना फारसे ठाऊक नसते. डॉक्टर, वकील, साहेब ही माणसे आपल्याला कळतात. संशोधक म्हणजे नेमके काय करणारा माणूस, हे कळत नाही. आणि जे कळत नाही त्याला घर पाठबळ तरी कसे देणार? म्हणून आज आम्ही एका अनोळखी विषयावर लिहायला बसलो आहोत. वीज, चुंबक आणि त्यांच्या लहरी यांचे जे शास्त्र आहे, त्याला विद्युतचुंबकीय शास्त्र म्हणतात. त्यात आणि त्याच्या जवळपासच्या इंजिनिअरिंगमध्ये काम करणाऱ्या तरुणांना जगात आणि आपल्या देशात पारितोषिके मिळतात, त्यांविषयी हे चार शब्द. वाचकांनी नावाला घाबरू नये. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून आहोत. जमाखर्चापलीकडचे गणित आम्हाला येत नाही. आम्हाला जेवढे कळले, तेवढे वाचकांनाही सहज कळेल.

आमचा या विषयाशी संबंध आला तो असा. आमच्या चाळीतला एक मुलगा. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आई पापड-लोणची करून विकणारी. मुलगा आधी डिप्लोमा, मग इंजिनिअर, मग एम.टेक. करून पीएच.डी.ला लागला. एके दिवशी बातमी आली की त्याला एका जागतिक संघटनेचे तरुण शास्त्रज्ञांसाठीचे पारितोषिक मिळाले आहे. मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "रक्कम किती?" दुसरा आला, "मग आता नोकरी पक्की का?" मानपत्र लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. 'उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल' एवढे लिहून भागले असते. पण आम्ही त्या मुलाला दोन संध्याकाळ घरी बसवून घेतले आणि म्हटले, "बाळा, आम्हाला सगळे पहिल्यापासून सांग."

"काका, पावसाळ्यात तुमचा डिशचा टीव्ही बंद पडतो ना?" त्याने विचारले.

पडतो. नेमका मालिकेच्या वेळी पडतो आणि घरात आमच्या नावाने ओरडा होतो.

"मी त्याच्यावरच काम करतो," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. उपग्रहाकडून छतावरच्या छत्रीपर्यंत जी लहर येते, ती प्रकाशाचीच बहीण. फक्त डोळ्यांना दिसत नाही. तिची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. धो धो पाऊस लागला की हे लाखो थेंब लहरीची काही ताकद शोषून घेतात आणि काही इकडेतिकडे विखरून टाकतात. उरलेली ताकद छत्रीला पुरत नाही आणि चित्र थांबते. लहर जितकी आखूड, तितका पाऊस तिला जास्त छळतो. मोबाइलच्या फाइव्ह-जीसाठी २०२२ साली आपल्या देशात लिलाव झाला, त्यात २६ गिगाहर्ट्झचाही पट्टा होता. त्याच्या लहरी एक सेंटीमीटरच्या थोड्या वर. मग कोकणातल्या जुलैत त्या कितपत तग धरतील? त्याचा हिशोब करायची सूत्रे आहेत, पण ती बरीचशी थंड देशांतल्या पावसाच्या नोंदींवर बांधलेली. आपला पाऊस वेगळा, थेंब वेगळा, सर वेगळी. म्हणून या मुलाने चार पावसाळे गच्चीवर पर्जन्यमापक आणि यंत्र मांडून दर मिनिटाची नोंद घेतली. त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊजी, पोरगा चार वर्षं गच्चीवर डबा ठेवून बसला होता. मला वाटायचं, ह्याचं काही बिनसलं तर नाही?"

वहिनींचे हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. पोराचे काम जगाला कळले आणि घराला कळले नाही, अशी ही अवस्था आहे.

हे शास्त्र मोठ्या घरांचे, आपल्यासारख्यांचे नव्हे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने मायकेल फॅरडेची हकीकत ऐकावी. फॅरडे १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा नावापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी तो लंडनच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके रात्री वाचता वाचता त्याला विजेची गोडी लागली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या प्रख्यात शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली, आपल्याच हाताने त्यांची वही बांधली आणि डेव्हीकडे पाठवून काम मागितले. १८१३ साली त्याला प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. पुढे डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखे वागवले. तेही त्याने सोसले. आणि १८३१ साली त्याच फॅरडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. आज धरणावर आणि कोळशाच्या कारखान्यात जी जनित्रे फिरतात, ती याच तत्त्वावर.

या हकीकतीत तिकीट देणारा गिऱ्हाईक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने फॅरडेला शास्त्र शिकवले नाही. त्याने फक्त दार उघडून दिले. पण वही बांधून पाठवण्याचे काम फॅरडेलाच करावे लागले. डेव्ही काही त्याला शोधत दुकानात आला नसता. तरुण संशोधकांचे पारितोषिक म्हणजे बहुतेक वेळा असेच एक तिकीट असते.

फॅरडेला गणित येत नव्हते. ते काम स्कॉटलंडच्या मॅक्सवेलने केले. वीज आणि चुंबक यांच्या लहरी असतात आणि प्रकाश हीसुद्धा तशीच लहर आहे, हे गणिताने मांडणारा त्याचा निबंध १८६५ साली छापला गेला. तेव्हा तो तिशीतला तरुण होता. त्या लहरी प्रत्यक्ष दाखवल्या जर्मनीच्या हाइन्रिख हर्ट्झने, आणि त्यामागे एक पारितोषिकच होते. १८७९ साली बर्लिनच्या विज्ञान अकादमीने मॅक्सवेलच्या म्हणण्याचा प्रयोगाने पडताळा घेण्यासाठी बक्षिसाचा प्रश्न जाहीर केला. हेल्महोल्ट्झ या गुरूने तो हर्ट्झला सुचवला. हर्ट्झने विचार केला, हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही असे त्याला वाटले आणि त्याने तो सोडून दिला. बक्षीस गेले, पण प्रश्न डोक्यात राहिला. १८८६ ते १८८८ या काळात त्याने ठिणगी पाडून या लहरी निर्माण केल्या आणि दूरच्या तारेच्या कड्यात पकडूनही दाखवल्या. वय अवघे एकतीस. आज लहरींची मोजणी त्याच्याच नावाने, हर्ट्झमध्ये होते. बिचारा १८९४ च्या पहिल्याच दिवशी, छत्तिसाव्या वर्षी गेला. बक्षीस मिळाले नाही तरी चांगला प्रश्न माणसाला किती पुढे नेतो, याचे हे उदाहरण.

आपल्या देशातले उदाहरण जगदीशचंद्र बोस यांचे. १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, पण एकही दिवस काम थांबवले नाही. अखेर पूर्ण पगार मागील बाकीसह द्यावा लागला. त्याच कॉलेजात धड प्रयोगशाळा नसताना १८९४ ते १८९६ या काळात त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. आजचे फाइव्ह-जी ज्या आखूड लहरींच्या मागे लागले आहे, त्यांच्याही पुढच्या या लहरी! इंजिनिअरांच्या आय-ट्रिपल-ई या जागतिक संस्थेने त्या प्रयोगांचा ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरव केला तो २०१२ साली. शंभरावर वर्षे लागली. म्हणूनच तरुणपणी, माणूस हयात असताना, हातात काम असताना शाबासकी मिळण्याला किंमत आहे.

आता आमच्या चाळीतल्या मुलाला मिळाले त्या पारितोषिकाविषयी. ते देणारी संघटना म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघ. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'युर्सी' म्हणतात. ती १९१९ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय बेल्जियममध्ये आहे. तिचे दहा आयोग आहेत, म्हणजे कामाचे दहा विभाग. कोणी लहरींचे अचूक मोजमाप करतो, कोणी अँटेना आणि लहरींचे गणित, कोणी आकाशातून येणाऱ्या लहरी, तर कोणी शरीरावर होणारा त्यांचा परिणाम आणि औषधोपचारातला उपयोग पाहतो. ट्यूबलाइट लावली की जुन्या रेडिओत खर्रकन आवाज येतो ना? त्या असल्या गोंधळाचा अभ्यास करणाराही एक आयोग आहे. आमचा मुलगा लहरींच्या प्रवासाच्या आयोगात.

यातले बरेच काम आपल्या दाराशीही चालते, हे सांगितले पाहिजे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला तीस प्रचंड छत्र्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. नवी जागा जुन्या जागेशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या. अलिबागचे लोक समुद्राकाठच्या त्या वेधशाळेवरून रोज जातात. आपण सहलीला गेलो तर किल्ला पाहतो आणि परत फिरतो. मुलांना ही हकीकत तरी सांगावी.

युर्सीचे मोठे अधिवेशन साधारण तीन वर्षांनी भरते. २००५ साली ते नवी दिल्लीत झाले. २०२० चे रोममधले अधिवेशन कोरोनामुळे २०२१ साली झाले. २०२३ साली जपानमधल्या सप्पोरोला झाले. या अधिवेशनाच्या वेळी तरुण शास्त्रज्ञांना पारितोषिके दिली जातात. अट अशी की निबंधाचे मुख्य काम अर्जदाराचे स्वतःचे हवे, आणि अधिवेशनाच्या वर्षी १ सप्टेंबरला त्याचे वय ३५ पेक्षा कमी हवे. सोबत स्वतःची माहिती आणि छापलेल्या लेखांची यादी जोडायची. जगातल्या कोणत्याही देशाच्या तरुणाला अर्ज करता येतो. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या संशोधकांची गाठभेट व्हावी, हा यामागचा एक हेतूच आहे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे जमाखर्चाकडे वळू. जमेच्या बाजूला काय? अधिवेशनाची फी माफ आणि राहण्या-जेवणाची सोय. ही फी काही थोडीथोडकी नसते, आपल्या मुलांना तर ती मुळीच परवडत नाही. नावे बाजूला काय? विमानभाडे, व्हिसा, विमा, अंगावर घालायला एक गरम कोट. विकसनशील देशांतल्या तरुणांना प्रवासासाठी थोडीफार मदत कधी मिळते, पण ती संघटनेकडच्या पैशावर अवलंबून. म्हणजे पाहुण्यांच्या घरी ताट वाढलेले आहे, पण तिथवर जायचे भाडे आपले! "रक्कम किती?" असे विचारणाऱ्या मंडळींना आम्ही बैठकीत हे सांगितले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मुलाला पीएच.डी.ची फेलोशिप होती. केंद्र सरकारच्या संशोधकांची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार झाली. आकडा वाईट नाही. पण ती दर महिन्याला वेळेवर हातात पडेल तर ना! सहा-सहा महिने वाट पाहिलेली मुले आम्हाला ठाऊक आहेत. त्यातून घरी पैसे द्यायचे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे. परदेशी परिषदेसाठी भाडे देणाऱ्या सरकारी योजना असतात, आणि त्याने अर्जही केला होता. परंतु तो पैसा बहुधा परत आल्यावर, तिकीट आणि बोर्डिंग पास जोडल्यावर मिळतो. आधी खिशातून घालायचे. ज्याचा खिसा भरलेला त्याला अडचण नाही. शिवाय व्हिसासाठी बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, ती वेगळीच.

आम्ही बैठकीत ठराव मांडला की गुणगौरव निधीतून मुलाला भाड्याची रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी. वाद झाला. मंडळाचे एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "एका पोराच्या विमानासाठी शंभर पोरांच्या वह्या थांबवायच्या काय?" हा प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. वह्यांची गरज असलेली पोरे खरोखरच आहेत. त्यावर मुलाच्या वडिलांनीच उत्तर दिले. ते म्हणाले, "वह्या थांबवू नका. मला उसने द्या, मी चिठ्ठी लिहून देतो. पैसे आले नाहीत तर माझ्या ग्रॅच्युइटीतून देईन." रीतसर चिठ्ठी झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. वह्या जूनमध्ये ठरल्याप्रमाणे वाटल्या गेल्या. सरकारी पैसे चार महिन्यांनी आले आणि मुलाने ते पहिल्यांदा मंडळात आणून भरले. पावती आम्हीच फाडली. आमच्या वीस वर्षांच्या कारकुनीत अशी पावती फाडण्याचा योग पहिल्यांदाच आला.

तिथे जाऊन काय मिळाले? त्याच्या शब्दांत सांगायचे तर, "काका, ज्यांचे लेख मी वाचत होतो ती माणसे समोर बसली होती. एकाने माझ्या नोंदी मागितल्या. दुसऱ्याने माझी एक पद्धत तोकडी कशी आहे ते तोंडावर सांगितले आणि दुरुस्तीही सांगितली." परत आल्यावर त्याने ती दुरुस्ती केली. हे विमानभाड्यापेक्षा मोठे आहे. गच्चीवर एकट्याने डबा सांभाळणाऱ्या मुलाला आपण कोणाबरोबर काम करतो आहोत, हे कळले.

युर्सीचीच आणखी पदके आहेत. इसाक कोगा हे जपानी शास्त्रज्ञ घड्याळांत आणि रेडिओत वापरतात त्या क्वार्ट्झ स्फटिकांवरच्या कामासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या नावाचे सुवर्णपदक १९८४ पासून तरुण शास्त्रज्ञाला देतात. संतिमय बसू यांच्या नावाचेही एक पदक आहे, लहरींचा प्रवास आणि त्याचा समाजाला उपयोग यांवरच्या कामासाठी. युरोपात लिओपोल्ड फेल्सन यांच्या नावाचे पारितोषिक तरुण संशोधकांना दिले जाते. हे फेल्सन म्हणजे म्युनिकमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा. हिटलरच्या राज्यातून निसटून अमेरिकेत गेला आणि लहरींच्या शास्त्रातला मोठा प्राध्यापक झाला. घरदार सुटलेल्या मुलाच्या नावाने आज नव्या मुलांना शाबासकी मिळते.

आपल्या देशात शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक १९५८ पासून ४५ वर्षांच्या आतल्या शास्त्रज्ञांना मिळत आले, त्यात इंजिनिअरिंगचाही विभाग होता. २०२३ साली राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर झाले. त्यातला 'विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर' हा पुरस्कार ४५ वर्षांपर्यंतच्यांसाठी असून पहिले पुरस्कार २०२४ साली दिले गेले. हे फार वरच्या पायरीचे. पण पायऱ्या खालपासून चढाव्या लागतात. कॉलेजातल्या परिषदेत निबंध वाचणे, विद्यार्थ्यांच्या निबंधस्पर्धेत भाग घेणे, मग तरुण शास्त्रज्ञाचे पारितोषिक, असा तो जिना आहे. खालची पायरी चुकली की वरची दिसतच नाही.

आता जी गोष्ट सांगायची, ती सांगताना मन जड होते. आमच्या शेजारच्या चाळीत एक ताई आहेत. या मुलापेक्षा हुशार म्हटल्या तरी चालतील. अँटेनावर काम करतात. इंजिनिअर झाल्या त्या वर्षी वडिलांचा कारखाना बंद पडला. धाकटे दोन भाऊ शाळेत. ताईंनी सहा वर्षे नोकरी केली, भावांना शिकवले, मग पुन्हा शिक्षणाकडे वळल्या. मध्ये लग्न झाले, एक मूल झाले. त्यांचा पहिला चांगला निबंध तयार झाला तेव्हा त्या पस्तीस वर्षे आणि काही महिन्यांच्या होत्या. अर्जाच्या कागदावर जन्मतारखेची जागा पाहून त्यांनी तो मिटून ठेवला. आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, ती सहा वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?"

कोणत्या रकान्यात? आम्ही हिशोबाचा माणूस, पण आम्हालाही उत्तर सुचले नाही. वयाची अट लावण्यामागे हेतू चांगला आहे, मोठ्या नावांच्या गर्दीत तरुणांना जागा मिळावी हा. पण वय जन्मापासून मोजले की ज्याच्या वाटेत अडथळे नव्हते तो वेळेवर पोहोचतो आणि ज्याने घर उचलून चालायचे ते थोडे उशिरा पोहोचतात. यावर उपाय नाही असे नाही. काही ठिकाणी जन्मतारखेऐवजी पीएच.डी. झाल्यापासूनची वर्षे मोजतात. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या तरुण संशोधकांच्या अनुदानात अलीकडच्या वर्षांत आईला दर मुलामागे १८ महिने वाढवून मिळत आले आहेत. आपल्या विद्यापीठांतून आणि संस्थांतून जी पारितोषिके दिली जातात, त्यांच्या समित्यांनी हा हिशोब करावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी लेखी केली पाहिजे. नोकरीची वर्षे, बाळंतपण, आजारपण यांचा पुरावा कागदावर देता येतो. आम्ही तसा एक अर्ज तयार केला आहे आणि त्यावर ताईंची पहिली सही आहे. ताईंचे काम चालूच आहे. वयाची अट नसलेल्या एका परिषदेत त्यांचा निबंध स्वीकारला गेला, हेही सांगायला हवे.

अर्ज-विनंत्यांना वेळ लागेल. तोवर आपल्या घरांनी काय करावे?

पहिले म्हणजे संशोधन करणाऱ्या मुलामुलीला "काय करतोस?" हे खरोखर विचारावे आणि उत्तर ऐकावे. वहिनींना जेव्हा डिशच्या टीव्हीची गोष्ट कळली, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्या स्वतः गच्चीवर जाऊन पर्जन्यमापकात पाने अडकली नाहीत ना हे पाहू लागल्या. दुसरे म्हणजे, फेलोशिपला घरची कमाई समजून तिच्यावर कर्जे काढू नयेत. त्यातले थोडे पुस्तक, प्रवास आणि पासपोर्ट यांसाठी बाजूला राहू द्यावे. पासपोर्ट तर पारितोषिक मिळण्याआधीच काढून ठेवावा. तिसरे, मुलगी शिकत असेल तर तिच्या तिशीच्या आतली वर्षे लग्नाच्या घाईत आणि घरकामाच्या ओझ्यात संपवू नयेत. तिच्या हातातली वर्षे मुलाच्या हातातल्या वर्षांपेक्षा आधीच कमी असतात. चौथे, मुलांनीही लाजू नये. शिफारस हवी तर प्राध्यापकांकडे दोनदा जावे. माहिती मिळाली तर मागच्या मुलाला सांगावी. फॅरडेनेही पत्र लिहून काम मागितलेच होते.

आमच्या मंडळाने यंदापासून एक साधी गोष्ट सुरू केली आहे. एक जाड रजिस्टर घातले आहे. वस्तीतल्या प्रत्येक पदवीधर, एम.टेक., एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलीचे नाव, विषय आणि जन्मतारीख त्यात लिहिली आहे. पुढच्या रकान्यात त्याने किंवा तिने कोणत्या परिषदेला, कोणत्या पारितोषिकाला, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचा ते. शेवटच्या रकान्यात अर्ज गेला की नाही याची खूण. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ते उघडतो. आतापर्यंत एकवीस नावे झाली आहेत, त्यांत नऊ मुली. गुणगौरव निधीतला दहावा हिस्सा आता प्रवासासाठी उसने देण्याला राखून ठेवला आहे, आणि तो ठराव मांडला वह्यांचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच जुन्या कार्यकर्त्यांनी.

रजिस्टर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. रकाने आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. आपापल्या वस्तीत कोणाला ते सुरू करायचे असेल, तर पहिल्या पानावर आधी जन्मतारखा लिहून घ्याव्यात.